एकमेकांचे जामीन : बेने इस्राएल समाजाच्या धर्मजीवनातील एक पाठ

जामीन म्हणजे काय, हे सुरतेसारख्या व्यापारी शहरातील माणसास समजावून सांगावे लागत नाही. येथे कापड उधारीवर उचलले जाते, हिऱ्यांच्या पुड्या केवळ शब्दावर एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि अशा व्यवहारामागे पुष्कळदा कोणीतरी तिसरा माणूस उभा असतो. ‘याने नाही दिले तर मी देईन’ असे म्हणणारा तो जामीन. त्याने स्वतः कर्ज काढलेले नसते, मालही घेतलेला नसतो. तरीही वेळ आली की पदरचे पैसे त्याला मोजावे लागतात. म्हणूनच शहाणी माणसे जामीन राहण्यापूर्वी दहा वेळा विचार करतात.

ज्यू धर्मपरंपरेने हाच व्यवहारातील शब्द उचलून आपल्या समाजजीवनाच्या पायाशी बसविला आहे. तल्मूद या त्यांच्या प्राचीन ग्रंथात असा विचार मांडलेला आहे की, इस्राएलचे सर्व लोक परस्परांना जामीन आहेत. तेथे योजलेल्या ‘अरेव’ या हिब्रू शब्दाचा अर्थ जामीनदार असाच होतो. सौदा पक्का करण्यासाठी जो विसार देतात, त्याला अरबी भाषेत ‘अरबून’ म्हणतात. तो शब्दही याच कुळातला. आपण सारे भाऊ भाऊ आहोत असे म्हणणे सोपे असते, कारण भावाभावांत वर्षानुवर्षे अबोलाही चालतो. जामीनदाराला मात्र अबोला धरून सुटता येत नाही. दुसऱ्याचे चुकले तर त्याचा हिशेब आपल्या दारात येणार, हे त्याने आधीच कबूल केलेले असते.

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही मुद्दाम निवडला, कारण धर्मादाय संस्था ही एका अर्थाने सामुदायिक जामीनकीच होय. आम्ही धर्माने मुसलमान व व्यवसायाने शिक्षक. ज्यू धर्मावर अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही. पण ज्या समाजाचे उदाहरण आम्ही घेणार आहोत, तो बेने इस्राएल समाज आपल्या कोकणातला, आपलीच मराठी बोलणारा आहे. शिवाय शेजाऱ्याच्या घरात चांगली गोष्ट दिसली तर ती पाहून यावी, अशीच शिकवण आपणा सर्वांना मिळालेली आहे. आजच्या जगातील राजकीय वादांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एका लहान समाजाने ऐक्य कसे टिकविले, ते कोठे ढासळले, आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१. कोकणातील शनवार तेली

अलिबागजवळ समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे. बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटून या किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. बुडालेल्यांना नवगावच्या भूमीत पुरण्यात आले. तेथे आज स्मारक उभे आहे. ग्रंथ समुद्रात गेले, आणि पुढे हिब्रू भाषाही विस्मरणात गेली. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस असल्याने त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावोगावचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. केहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे गावांवरूनच पडली आहेत.

ग्रंथ नाही, गुरू नाही, प्रार्थनामंदिर नाही, अशा अवस्थेत हा समाज शतकानुशतके टिकला तो थोड्याशा आचारांच्या बळावर. शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, पर व खवले असलेलीच मासळी खाणे, काही उपवास, आणि ईश्वर एकच आहे असे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना. पुढे दावीद राहाबी नावाचा ज्यू गृहस्थ कोकणात आला आणि या खुणांवरून त्याने हे लोक आपले असल्याचे ओळखले, अशी कथा आहे. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्माचे शिक्षण दिले. त्यांना लोक ‘काजी’ म्हणू लागले. लग्न, सुंता वगैरे धार्मिक विधी काजीने करावयाचे, गावातील वडीलधाऱ्या ‘मुकादमा’सह बसून तंटेही मिटवावयाचे, अशी व्यवस्था पुष्कळ काळ चालली.

काजी हा शब्द आमच्या मुसलमान वाचकांच्या ओळखीचा आहे. आणखी एक गोष्ट त्यांना वाचून आनंद होईल. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिरास मराठीत ‘मशीद’ म्हणत आले. मुंबईतील त्यांची पहिली मशीद १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी बांधली. ते कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते व म्हैसूरच्या युद्धात कैद झाले होते. त्यांनी आपली जात ‘बेने इस्राएल’ अशी सांगितली, तेव्हा कुराणशरीफात ज्यांचा उल्लेख येतो ते हेच लोक, असे म्हणून टिपू सुलतानाच्या मातेने त्यांचे प्राण वाचविले, अशी हकीकत त्या समाजात सांगतात. सुटकेनंतर नवस फेडावा तसे त्यांनी ते मंदिर बांधले. त्याचे नाव ‘शाआर हाराहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. मुंबईतील मशीद रेल्वे स्थानकाचे नाव याच जुन्या मशिदीवरून पडले, असेही सांगतात. त्यानंतर रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे अशा ठिकाणी सिनॅगॉगे उभी राहिली. आपल्या गुजरातेत अहमदाबाद येथील ‘मागेन अब्राहाम’ हे सिनॅगॉग १९३४ सालचे.

२. दहावा माणूस

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ज्यू धर्मात एकट्याने प्रार्थना करता येते. पण सामुदायिक उपासना, तोरा ग्रंथाचे जाहीर वाचन आणि मृतांच्या नावाने म्हणावयाची ‘कद्दीश’ ही प्रार्थना यांसाठी दहा प्रौढ व्यक्तींची उपस्थिती आवश्यक मानली आहे. या दहांच्या समूहास ‘मिन्यान’ म्हणतात. परंपरागत नियमाप्रमाणे हे दहा पुरुष असावे लागतात, आणि तेरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा त्यांत धरला जातो. सुधारक मंडळ्यांत स्त्रियांचीही गणना होते.

हा नियम वरवर पाहता केवळ संख्येचा वाटेल. त्याचे परिणाम मात्र खोल आहेत. समजा, नऊ विद्वान एकत्र जमले आहेत. त्यांची विद्या कितीही मोठी असली तरी ती दहाव्या माणसाची उणीव भरून काढू शकत नाही. अशा वेळी रस्त्याने जाणारा एखादा गरीब फेरीवाला आत आला, की उपासनेस प्रारंभ होतो. तो श्रीमंत आहे काय, त्याचे पाठांतर चांगले आहे काय, गेल्या वर्षी त्याचे व अध्यक्षांचे भांडण झाले होते काय, हे कोणी विचारीत नाही. तो आहे, एवढे पुरे होते. उलट, जो घरी बसून राहिला त्याने केवळ स्वतःची प्रार्थना चुकविली असे होत नाही. नऊ जणांची अडवून ठेवली असे होते. ज्याचे वडील वारले आहेत, त्या मुलाला कद्दीश म्हणण्यासाठी नऊ शेजारी लागतात. दुःख एकट्याचे, पण ते देवापुढे मांडण्यास समाज लागतो.

आम्ही शिक्षक रोज सकाळी हजेरी घेतो. नाव पुकारल्यावर मूल ‘हजर’ म्हणते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर येणारे समाधान आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहो. आपली कोठेतरी गणती होते, आपण नसलो तर ते कोणाच्या तरी ध्यानात येते, ही जाणीव लहान मुलालाही ताठ उभे करते. मिन्यानचा नियम हीच जाणीव प्रौढ माणसाला देतो.

३. ‘मी’ नव्हे, ‘आम्ही’

ज्यू वर्षातील सर्वांत पवित्र दिवस प्रायश्चित्ताचा, ज्यास हिब्रूत योम किप्पूर म्हणतात. त्या दिवशी उपवास करून पापांची कबुली द्यावयाची असते. या कबुलीची सारी वाक्यरचना अनेकवचनी आहे. ज्याने आयुष्यात कधी चोरी केली नाही तोही ‘आम्ही चोरी केली’ अशा अर्थाचे बोलतो. याचे कारण जामीनकीत आहे. माझ्या शेजाऱ्याने चोरी केली असेल, तर तो उपाशी होता तेव्हा मी कोठे होतो, हा प्रश्न मलाही लागू पडतो. शिवाय सर्वांनीच ‘आम्ही’ म्हटल्यामुळे खरा अपराधी कोण हे चारचौघांत उघडे पडत नाही, आणि लाजेने मान खाली घातलेल्या माणसालाही सर्वांबरोबर क्षमा मागता येते.

कोकणातील बेने इस्राएलांनी या दिवसाला आपल्या बोलीत ‘दारफाळणीचा सण’ असे नाव दिले होते. त्या दिवशी दारे लावून घरातच राहावयाचे, असा त्यांचा रिवाज होता. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांस दान दिले जाई आणि आप्तमित्रांच्या भेटी होत. बंद दारामागे देवाशी हिशेब आणि उघड्या दारातून माणसांशी, असा हा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे. ज्यू शास्त्राचे असे स्पष्ट मत आहे की, देवाविरुद्ध केलेल्या अपराधाला प्रायश्चित्ताचा दिवस पुरतो, पण माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा त्या माणसाचे मन वळविल्याखेरीज मिळत नाही. आमच्या इस्लाम धर्मातही ‘हुकूकुल इबाद’, म्हणजे माणसांचे आपल्यावरील हक्क, यांविषयी हेच सांगितले आहे.

उपवासाला हे लोक ‘रोजा’च म्हणत. त्यांच्या एका उपवासाचे नाव ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडीत. प्रार्थनेनंतर ‘हातबोशी’ करण्याची त्यांची रीतही पाहण्याजोगी आहे. वडील माणसाने शेजाऱ्याच्या हातास हात लावावा, मग दोघांनी आपापली बोटे ओठांस लावावी, शेजाऱ्याने पुढच्याशी तसेच करावे, आणि असा स्पर्श मंदिरात शेवटल्या माणसापर्यंत पोचावा. सर्वांत मागे बसलेल्या माणसापर्यंतही तो जातो. ‘मलिदा’ या विधीतही हेच. गूळ-खोबरे घातलेले पोहे व फळे ताटात ठेवून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करावयाचे, आणि मग तो प्रसाद जमलेल्या सर्वांनी मिळून खावयाचा.

४. नौकेचा दृष्टांत

एकाच्या वागण्याची जबाबदारी दुसऱ्यावर का यावी, असा प्रश्न कोणी विचारील. ज्यू परंपरेत याचे उत्तर एका दृष्टांताने दिले आहे. काही माणसे होडीतून चालली होती. त्यांतील एकाने सामता काढून आपल्या बसण्याच्या जागेखाली भोक पाडण्यास आरंभ केला. इतर ओरडले, तेव्हा तो म्हणाला, मी माझ्याच जागेखाली भोक पाडतो आहे, तुमचे काय जाते? त्यावर इतरांनी काय उत्तर दिले असेल, ते समुद्रकाठच्या माणसास सांगावयास नको.

आश्चर्य असे की, अशाच आशयाचा दृष्टांत पैगंबर साहेबांच्या हदीसमध्येही आहे. तेथे गलबताला दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावरील लोकांना पाण्यासाठी वर जावे लागते. वरच्यांना त्रास नको म्हणून ते आपल्याच भागात भोक पाडून पाणी घेण्याचे ठरवितात. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारेच बुडतील. हात धरून थांबविले तर सारेच वाचतील. या दुसऱ्या दृष्टांतात आम्हांस एक अधिक गोष्ट दिसते. खालच्या लोकांचा हेतू वाईट नाही. त्यांना तहान लागली आहे. त्यांचा हात धरणे हे वरच्यांचे कर्तव्य खरेच; पण त्यांच्यापर्यंत पाणी पोचविणे हेही कर्तव्यच आहे. केवळ ‘असे करू नका’ म्हणणारा समाज आपले अर्धेच काम करतो.

५. दान की देणे?

ज्यू लोक दानाला ‘त्झदाका’ म्हणतात. आपल्या परिचयाचा ‘सदका’ हा अरबी शब्द त्याच धातूपासून झाला आहे. हिब्रूत या धातूचा मूळ अर्थ न्याय असा आहे. म्हणजे गरिबाला दिले तर त्याच्यावर उपकार केले असे नसून, त्याचे त्याला पोचविले असे होते. शेत कापताना कडेचा भाग गरिबांसाठी सोडून द्यावा, ही तोरा ग्रंथातील आज्ञा याच विचाराची आहे. तो भाग गरिबाने स्वतः येऊन कापून न्यावयाचा. त्यासाठी मालकापुढे हात पसरण्याची गरज नाही. बाराव्या शतकात मिसर देशात मुसा बिन मैमून, ज्यांना युरोपात मैमोनिदीज म्हणतात, नावाचे थोर ज्यू पंडित व वैद्य होऊन गेले. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतील सर्वांत वरची पायरी अशी की, माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करावे की त्याला पुन्हा मागण्याची वेळच येऊ नये.

बेने इस्राएल समाजाने या सर्वांत वरच्या पायरीकडे लवकर लक्ष दिले. कोचीनच्या ज्यूंमधून आलेल्या शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांना हिब्रू व उपासना शिकविली. एका किनाऱ्यावरील समाजाने दुसऱ्या किनाऱ्यावरील विसर पडलेल्या भावांची अशी जामीनकी घेतली. वल्हांडणाच्या रात्री घराघरांत वाचावयाचा ‘हग्गादा’ ग्रंथ मराठीतही छापला गेला. पुण्यास १८७४ साली निघालेली सचित्र मराठी आवृत्ती प्रसिद्ध आहे. या ग्रंथाच्या आरंभीच, ज्याला भूक असेल त्याने येऊन आमच्याबरोबर जेवावे, असे आमंत्रण दिलेले आहे. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी बंधूंच्या साहाय्याने मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढले. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे ती शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या मुख्याध्यापिका म्हणून रेबेका रूबेन यांनी १९२२ पासून १९५० पर्यंत काम केले. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयात सर्व जातीधर्मांच्या स्त्रियांची सेवा केली. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मूठभर समाजाने अशी माणसे घडविली, यात नवल नाही. जेथे एकेका माणसाची गणती होते, तेथे एकेका मुलाच्या शिक्षणाचीही काळजी केली जाते.

६. गणती कोठे चुकली?

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की, त्या समाजात सदैव ऐक्यच नांदत होते. तसे नाही. दहा माणसे मोजावयाची हा नियम चांगला. पण कोणाला मोजावयाचे, हे ठरविताना माणसाचा अहंकार आड येतो. प्रत्येक समाजाची परीक्षा तेथेच होते.

बेने इस्राएलांत ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन तट होते. ज्यांच्या वंशात बाहेरच्या स्त्रियांचा संबंध आला, त्यांना काळे म्हणत. त्यांच्याशी सोयरीक करीत नसत आणि खाण्यापिण्यातही भेद पाळीत. जातिभेदाचे वारे ज्या भूमीत वाहत होते, तेथे हेही त्यापासून सुटले नाहीत. पुढे शिक्षण व शहरवास वाढला तसा हा भेद मावळला.

जो भेद त्यांनी इतरांशी केला, तसाच त्यांच्या वाट्यालाही आला. बगदाद व आसपासच्या देशांतून आलेले श्रीमंत ज्यू व्यापारी आरंभी बेने इस्राएलांच्याच मंदिरात प्रार्थना करीत, त्यांच्याच दफनभूमीत आपली माणसे पुरीत. पण १८३६ साली त्यांच्यातील काहींनी दफनभूमीत मधे भिंत घालावी अशी मागणी सरकारकडे केली. पुढे कित्येक बगदादी मंदिरांत बेने इस्राएल माणसाला दहांत धरीनासे झाले. ससून घराण्याने पुण्याचे रुग्णालय, मुंबईचे ग्रंथालय अशी सर्वांना उपयोगी पडणारी कामे केली, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. पण जे घराणे ज्या समाजाचे होते, त्या समाजाचे हात स्वधर्मीयास जवळ घेताना आखडले. रंगूनमध्ये बेने इस्राएलांना सिनॅगॉगच्या कारभारात मताचा अधिकार नाकारला, तेव्हा ते न्यायालयात गेले, आणि १९३५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

सर्वांत मोठी कसोटी पुढेच होती. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल कुटुंबे इस्राएल देशात गेली. तेथील धर्मपीठाने १९६२ साली असे नियम काढले की, बेने इस्राएल व्यक्तीने इतर ज्यूंशी विवाह करावयाचा असल्यास तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. शतकानुशतके हे लोक शास्त्रापासून दूर राहिले, तेव्हा त्यांच्यातील घटस्फोट व विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील काय, अशी धर्मपंडितांची शंका होती. शंका शास्त्राच्या काळजीतून आली असेल. पण तिचा घाव एका संपूर्ण समाजावर बसला. लग्नाच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलामुलींना, तुमची पणजी कोण, असे विचारण्यात येऊ लागले. ज्यांनी ग्रंथावाचून धर्म सांभाळला, त्यांनाच तुम्ही आमचे काय, असा प्रश्न आला. १९६४ साली या मंडळींनी जेरुसलेममध्ये सत्याग्रहाप्रमाणे ठाण मांडले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात तेथील संसदेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, असा ठराव केला, आणि धर्मपीठाने आपल्या नियमांतून त्यांचा नावानिशी केलेला उल्लेख काढून टाकला.

या लढ्यातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्यांनी वेगळा पंथ काढला नाही. ज्यांनी शंका घेतली त्यांच्याच दारात बसून, आम्हांला मोजा, असे ते म्हणत राहिले. रुसून निघून जाण्यापेक्षा हे कठीण आहे.

७. सुरत आणि आपण

आता आपल्या शहराकडे येऊ. अठराव्या शतकात सुरत बंदरात अरबी बोलणाऱ्या ज्यू व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांचे सिनॅगॉग होते, दफनभूमी होती. १७९० साली अलेप्पो शहरातून शालोम कोहेन नावाचा व्यापारी येथे आला, आणि १७९८ साली तो कलकत्त्यास गेला. तेथील ज्यू वस्तीचा आरंभ त्याच्यापासून मानतात. सुरतेचा व्यापार मुंबईकडे वळला, तशी येथील वस्तीही उठली. मंदिर नुसत्या दगडविटांवर उभे राहत नाही. जेथे दहा माणसे उरत नाहीत, तेथे उपासना थांबते.

आज हाच प्रसंग कोकणातही आला आहे. १९५१ साली भारतात सुमारे सव्वीस हजार ज्यू होते. आता चारपाच हजारच असतील, आणि त्यांपैकी बहुतेक मुंबई-ठाणे भागात. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली व गुजरात शासनाने २०१८ साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. कोकणातील काही सिनॅगॉगांत दहा माणसे जमविण्यासाठी दुसऱ्या गावांहून बोलवावी लागतात.

पण जामीनकीचा धागा अनपेक्षित ठिकाणी पुन्हा हाती लागतो. कलकत्त्याच्या ज्या सिनॅगॉगांत आज दहा ज्यू जमणे दुरापास्त झाले आहे, तेथील साफसफाई व देखरेख मुसलमान कुटुंबे पिढ्यान् पिढ्या करीत आली आहेत. तेथील ज्यू मुलींच्या शाळेत आणि मुंबईच्या भायखळ्यातील जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. ज्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा बांधल्या, त्यांच्या बाकांवर शेजाऱ्यांची मुले शिकत आहेत. आणि ज्यांच्या मुलांना त्या शाळा मिळाल्या, ते शेजारी त्यांच्या मंदिरातील दिवे पुसत आहेत. असा हिशेब कोणी आखून केला नव्हता. तो होत गेला.

आपल्या ट्रस्टच्या वहीत वर्गणीदारांची नावे आहेत, देणगीदारांची आहेत. महोत्सवाच्या निमित्ताने त्या नावांचा गौरव होणे योग्यच आहे. परंतु जी नावे वहीत नाहीत, त्यांचीही एकदा गणती व्हावी, असे आम्हांस वाटते. जी विधवा भगिनी वर्गणी थकली म्हणून सभेस येण्याचे टाळते, जो तरुण कारखान्यातील काम सुटल्यापासून कोणास तोंड दाखवीत नाही, ज्या घराशी जुन्या भांडणामुळे येणेजाणे बंद आहे, ती आपली दहावी माणसे आहेत. ती आली नाहीत तर आपली सभा भरेल, भाषणे होतील, टाळ्याही पडतील. पण दहांची संख्या पुरी झाली असे म्हणता येणार नाही. पुढील पन्नास वर्षांत आपल्या संस्थेच्या इमारती किती वाढल्या यापेक्षा, कोणाचे नाव गळू दिले नाही, यावरून तिची किंमत ठरावी.

मननासाठी काही प्रश्न

ही स्मरणिका घरी वाचताना वडील मंडळींनी मुलांबरोबर पुढील प्रश्नांचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

१) बंधुभाव आणि जामीनकी यांत फरक कोणता? आपल्या कुटुंबातील एखादे उदाहरण घेऊन सांगा.

२) गलबताच्या खालच्या मजल्यावरील माणसे आज आपल्या वस्तीत कोण आहेत? त्यांची तहान कशाची आहे?

३) दान देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून आपल्या संस्थेने काय करावे?

४) सणाच्या आधी ज्याच्याकडे जाऊन क्षमा मागावी, असे कोणी आपल्या माहितीत आहे काय? तर मग उशीर का?

या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिली नाहीत तरी चालेल. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र पायांनी चालत जाऊन द्यावे. परमेश्वर आपल्या संस्थेस दीर्घायुष्य देवो, आणि आपणा सर्वांस परस्परांचे जामीन राहण्याचे बळ देवो, हीच प्रार्थना.